प्रथिनाची रचना प्रयोगाशी जुळते का? अशी तपासा

प्रोटीन डेटा बँक (पीडीबी) या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली रंगीत रचना पाहिली की प्रत्येक अणूचा फोटोच काढलाय असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रयोगातून हाती येतात ते क्ष-किरणांच्या विवर्तनाचे, म्हणजे प्रथिनाच्या स्फटिकातून विखुरलेल्या किरणांचे ठिपके. त्यांवरून इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढतात आणि त्या नकाशात कुणीतरी अणू बसवलेले असतात. आपल्याला तपासायचंय ते हे बसवणं.

आधी त्या रचनेच्या पानावरून पडताळणी अहवालाची पीडीएफ उतरवून घ्या. सुरुवातीलाच लाल-निळ्या पट्ट्या दिसतील. खूण निळ्याकडे असेल तितकं बरं. त्यात आर-फ्री बघा. मॉडेल, म्हणजे बसवलेले अणू, मोजमापांशी किती जुळत नाही ते हा आकडा सांगतो; जितका कमी तितकं बरं. साधारण ५ टक्के मोजमापं मॉडेल घडवताना बाजूला ठेवतात आणि मग मॉडेल त्यांच्याशी जुळतं का ते पाहतात. ही युक्ती ॲक्सेल ब्रुंगर यांनी १९९२ मध्ये मांडली. २ अँगस्ट्रॉमइतका बारीक तपशील दिसणाऱ्या रचनेत हा आकडा ०.२५च्या आत असावा. आर-वर्क, म्हणजे मॉडेल घडवताना वापरलेल्या मोजमापांसाठीचा तसाच आकडा, त्याहून खूपच कमी असेल, तर मॉडेलनं घोकंपट्टी केली आहे असं समजा.

पण चांगल्या आकड्यांआडही एखादा कोपरा चुकलेला असू शकतो. म्हणून कूट हे मोफत सॉफ्टवेअर उघडा आणि फाइल मेनूतून रचनेचा कोड देऊन नकाशासह ती मागवा. विवर्तनाची मोजमापं जमा करणं २००८ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या काही नोंदींत ती नाहीतच, तिथे हात टेकावे लागतात.

आता थेट औषधाच्या किंवा लिगंडच्या, म्हणजे प्रथिनाला चिकटलेल्या छोट्या रेणूवर जा, कारण माणसाला हवं ते दिसण्याचा धोका तिथेच सर्वांत जास्त. घनता दाखवणारी निळी जाळी १ ते १.५ सिग्मा या पातळीला रेणूभोवती नीट बसते का? माउसचं चाक फिरवून पातळी फार खाली आणू नका. ढगात हत्ती दिसावा तसा रेणू दिसू लागतो. हिरवा गोळा म्हणजे तिथे काहीतरी बसवायचं राहिलंय, लाल म्हणजे बसवलेल्याला पुरावा नाही. अहवालात लिगंडचा आरएससीसी (रेणू नकाशाशी किती जुळतो ते सांगणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण जुळणं) ०.८ च्या खाली असेल तर सावध व्हा.

मग रचनेची फाइल मॉलप्रोबिटी या तपासणीच्या साधनाला द्या. ते हायड्रोजन जोडून अणूंच्या टकरी मोजतं आणि उलटे बसलेले ॲस्पॅराजीन, ग्लुटामीन, हिस्टिडीन ही अमिनो आम्लं दाखवतं. नकाशात कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे ही चूक भल्याभल्यांची होते. रामचंद्रन आलेखातल्या (साखळीची वळणं कोणत्या कोनांत शक्य आहेत ते दाखवणाऱ्या आलेखातल्या) मान्य भागाबाहेर पडलेलं अमिनो आम्ल मात्र लगेच चुकीचं ठरवू नका. तिथली घनता स्वच्छ असेल तर ते खरंच तसं वळलेलं असू शकतं.

शंका उरलीच तर पीडीबी-रेडो या संग्रहातली त्याच रचनेची पुन्हा सुधारलेली आवृत्ती शेजारी ठेवून तोच कोपरा पाहा.