ऊसतोड बायांच्या हाती फोन देताना

ऊसतोड मजुरांच्या टोळीत गेल्यावर मी आता सगळ्यात आधी एकच विचारते: फोन कुणाजवळ असतो?

घरात स्मार्टफोन असतो, पण तो नवऱ्याच्या खिशात. रात्री पोरं त्यावर रील बघतात, आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाचा फोन आला तर जवळ असेल तो उचलतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, जोडीला; फोनही जोडीलाच. अशा फोनवर बाईनं काढलेला फोटो तिचा एकटीचा राहत नाही. बायांनी स्वतःच्या जगण्याचे फोटो काढायचे आणि त्यावर त्यांनीच बोलायचं, असं संशोधन करायचं असेल तर सगळी आखणी इथून सुरू करा.

ही पद्धत, फोटोव्हॉइस, कॅरोलिन वँग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायांसोबत उभी केली आणि १९९७ मध्ये सविस्तर मांडली. तेव्हा रोलचे कॅमेरे होते. रोल धुऊन येईपर्यंत फोटो कुठं पळत नव्हता. आज तो बाईच्या हातून सुटला की मिनिटाभरात मुकादमाच्या फोनवर असू शकतो, आणि पुढच्या वर्षीची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची असते.

पहिल्या हंगामात मी अकरा जणींचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. आठवडाभरात एका मुलीला रात्री-अपरात्री अनोळखी फोन यायला लागले. तिचा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून बाहेर गेला होता. तिनं फोटो काढणं सोडलं. ती चूक माझी होती, आणि ती मला अजून टोचते. ग्रुप करू नका. प्रत्येकीशी वेगळं बोला. सगळ्यांना एकच निरोप द्यायचा असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. मात्र तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह हवा, नाहीतर निरोप पोचत नाही.

पैसे असतील तर प्रकल्पाचे फोन द्या. जुने चालतात. देण्याआधी स्वतः बसून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा, फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा, आणि स्क्रीन लॉक तिला स्वतःला लावायला सांगा. पॉवर बँक सोबत द्याच. कोपीत, म्हणजे त्यांच्या राहत्या झोपडीत, वीज नसते आणि चार्जिंगसाठी रोज कुणाच्या तरी टपरीवर फोन ठेवावा लागला, तर लॉक लावून उपयोग काय? लेन्स पुसायला सुती फडकं द्या. फडात धूळ असते, हाताला उसाचा चिकटा असतो, आणि मग प्रत्येक फोटोत दिव्याभोवती धुकट कडं येतं.

शिकवताना कॅमेरा दुपारनंतर. सकाळभर परवानगी. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकीनं दुसरीला न विचारता फोटो काढायचा, मग कसं वाटलं ते सांगायचं. एवढ्यानं जे कळतं ते माझ्या तासाभराच्या बोलण्यानं कळत नाही. चेहरा टाळून काय दाखवता येतं, तेही तिथंच करून बघा: हात, सावली, मोळी बांधतानाची पाठ, कोपीच्या दारातल्या चपला. चेहरा झाकायचाच असेल तर सिग्नल अ‍ॅपमध्ये धूसर करायची सोय आहे, पण टोळीतली माणसं लुगड्यावरून आणि कडेवरच्या पोरावरून बाई ओळखतात. शंका असली तर फोटो बाहेर देऊच नका.

परवानगी तीनदा घ्या: काढताना, टोळीत दाखवताना, आणि बाहेर कुठं द्यायचा असेल तेव्हा. प्रत्येक फोटोसाठी वेगळी. स्वयंपाक आणि धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींनाही फोटो काढायचे असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे, तेव्हा पालकांची संमती हवीच. पण आई हो म्हणाली आणि मुलीनं मान खाली घातली, तर मी ते नाही समजते.

आता फोटो मागवायचे कसे. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली मूळ तारीख-वेळ गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दोन्ही टिकतात. लोकेशन चालू राहिलं असेल तर ठिकाणही टिकतं, म्हणून ते आधी बंद केलेलं बरं. प्रत्येक फोटोमागोमाग त्याच दिवशी एक व्हॉइस मेसेज मागा. लिहायला लावू नका.

याचं मोल मला एका फोटोनं शिकवलं. जवळजवळ सगळा काळा, एका कोपऱ्यात पिवळट पट्टा. चुकून बटण दाबलं गेलं असणार असं समजून मी तो बाजूला टाकणार होते. वेळ होती पहाटेची तीन चाळीस. खाली तिचा आवाज: ‘ताई, ह्यो उजेड टॅक्टरचा हाय. आमी बाया जिथं परसाकडंला बसतो, तिथपर्यंत येतो. उजेड आला की उठून उभं ऱ्हावं लागतं.’

तो आवाज नसता तर त्या फोटोत काहीच नव्हतं.

चर्चेसाठी फोनच्या पडद्यावर भागत नाही. प्रत्येकीला तीन फोटो निवडू द्या, निवड तिचीच. जवळच्या स्टुडिओतून छापून आणा आणि सतरंजीवर मांडा. यात काय दिसतंय, खरं काय चाललंय, आपल्या जगण्याशी याचा काय संबंध, हे असं का आहे, आणि काय करता येईल, हे पाच प्रश्न या पद्धतीत रुळलेले आहेत. चौथ्या प्रश्नावर घाई करू नका. त्या काळ्या फोटोवर आम्ही दीड तास बोललो, आणि बायांनी स्वतःच ठरवलं की आडोसा आणि दिवा या दोन मागण्या टोळीच्या नावाने द्यायच्या, फोटो मात्र द्यायचा नाही. मी तो अजून कुठंही छापलेला नाही.

हंगाम संपून गाड्या गावाकडं निघायच्या आत प्रत्येकीचे छापील फोटो तिच्या हातात द्या, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून. आणि प्रकल्पाचे फोन परत घेताना ते तिच्या डोळ्यांदेखत रिसेट करा, आणि आत काही उरलं नाही हे तिला स्वतः हाताळून बघू द्या.