साडेदहाचं जेवण, महिन्याला मिठाची पुडी: रोजच्या खाण्यातल्या या चुका टाळा

गणपतीतल्या चार मोदकांनी कुणाचं आयुष्य घटत नाही. अंगाशी येतं ते रोजचं, सवयीनं होणारं खाणं. मुंबईत त्यातली मोठी गडबड दुपारचा डबा आणि रात्रीचं ताट यांच्या मधे होते.

दुपारी एकला डबा, रात्री साडेदहाला जेवण

चर्चगेटहून विरार किंवा सीएसएमटीहून बदलापूर गाठणाऱ्याच्या दोन जेवणांत नऊ-साडेनऊ तास जातात. सहाला पोटात कावळे ओरडतात आणि स्टेशनबाहेर वडापाव तयार असतो. मैदा, बटाटा, तळण. प्रथिनं जेमतेम. म्हणून घरी पोचेपर्यंत पुन्हा भूक, मग भरपेट जेवण आणि अर्ध्या तासात अंथरूण. रात्री इन्सुलिनचं काम मंदावतं, त्यामुळे दुपारी पचलेला तेवढाच भात रात्री साखर जास्त चढवतो. आडवं होताच घशाशी आंबट येतं ते वेगळंच.

उपाय म्हणजे रात्रीच्या जेवणातलं थोडं संध्याकाळी उरकणं. डब्यासोबत एक छोटी डबी ठेवा: मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, भाजलेले चणे आणि एक फळ. ती ऑफिसातून निघण्याआधीच संपवा. सहाच्या गर्दीत डबी उघडायला हात मोकळा राहत नाही. रात्री घट्ट वरण, भाजी आणि एक भाकरी, किंवा भाकरीऐवजी वाटीभर भात. झोपण्याआधी दोन तास मिळत नसतील तर निदान ताट हलकं ठेवा आणि बिल्डिंगखाली दहा-पंधरा मिनिटं चाला. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम उतरू शकते.

बटाट्याला भाजी समजणं

चार पोळ्या आणि बटाट्याची भाजी हा डबा पिष्टावर पिष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते, त्यात बटाटा धरत नाही. दोन पोळ्या, मोठी वाटी पालेभाजी किंवा दुधी, आणि मटकीची उसळ असं करून पाहा.

मीठ चिमटीनं मोजणं

माणशी मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. चौघांच्या घरात हे दिवसाला २० ग्रॅम होतं, म्हणून १ किलोची पुडी ५० दिवस पुरायला हवी. उघडताना पुडीवर मार्करनं तारीख लिहा. महिन्याभरात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅमच्या वर चाललंय, आणि त्यात फरसाण, लोणचं, पाव धरलेलेच नाहीत. पापड तर नुसत्या पापडखारानंही सोडियम वाढवतो. जास्तीचं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब चढतो. पुढे पक्षाघात आणि मूत्रपिंडाचं दुखणं. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ते परस्पर सुरू करू नये.

तळणीचं तेल पुन्हा कढईत

पुऱ्यांचं उरलेलं तेल गाळून फोडणीला एखाद वेळ, दोन दिवसांत वापरलं तर ठीक. काळपट, चिकट, फेसाळणारं किंवा लवकर धुरावणारं तेल मात्र टाकूनच द्या.

चहाची साखर न मोजणं

कपाला दोन सपाट चमचे म्हणजे ८ ग्रॅम; तीन कपांत २४. दिवसाची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायची म्हटलं, तर तो हिशेब जवळजवळ तिथेच संपतो. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ कुरकुरत नाही. आणि चहा जेवणानंतर तासाभरानं घ्या, नाहीतर पालेभाजीतलं लोह नीट शोषलं जात नाही.