जपानी शालेय प्रेमकथेची मांगा पहिल्यांदा वाचताना

हायस्कूलमधल्या हलक्याफुलक्या प्रेमकथेची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पहिल्यांदाच वाचायची असेल, तर करुहो शिइना यांची ‘किमी नी तोदोके’, म्हणजे ‘तुझ्यापर्यंत पोहोचावे’, ही मांगा हाती घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. २००६ ते २०१७ या काळात ती मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे ३० खंड आहेत. पण पहिल्या खंडातच जीव गुंततो.

आपल्याला मलपृष्ठ वाटेल तिथून पुस्तक उघडावे. पान उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली वाचायचे असते. एका चौकटीत संवादाचे दोन फुगे असतील, तर उजवीकडचा आधी घ्यावा. हा क्रम चुकला की उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असे होऊन बसते. थोड्या पानांत डोळ्यांना सवय होते.

खरे लक्ष द्यावे ते हाकांकडे. नायिका सावाको कुरोनुमा हिचे लांब काळे केस आणि अबोल स्वभाव पाहून वर्गातली मुले तिला भयपटातल्या भुतावरून ‘सादाको’ म्हणतात. तिचा वर्गमित्र कझेहाया मात्र तिला तिच्या खऱ्या आडनावाने हाक मारतो, आणि तेवढ्याने ती भारावून जाते. जपानी वर्गमित्र एकमेकांना सहसा आडनावानेच हाक मारतात. आपल्याकडे ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येताना जीभ जशी अडखळते, तशी तिथे आडनावावरून नावावर येताना अडखळते. म्हणून हाक मारताना नावाला जोडले जाणारे ‘-कुन’ (सहसा मुलांसाठी) आणि ‘-चान’ (लाडाने) हे प्रत्यय कायम ठेवणारा अनुवाद निवडावा. ते गाळले, तर दोघांमधले अंतर किती कमी झाले, हे वाचकाला कळणार कसे?

शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, हे ध्यानात ठेवले की क्रीडामहोत्सव, नाताळ, नववर्ष असे प्रसंग आपोआप जागेवर बसतात. १४ फेब्रुवारीला तिथे मुली मुलांना चॉकलेट देतात आणि १४ मार्चला मुले परतफेड करतात. त्यातही शिष्टाचाराचे चॉकलेट वेगळे आणि मनातल्या माणसाचे वेगळे. सावाको इतरांना चॉकलेट सहज देते, पण कझेहायासाठी केलेले तिच्याकडेच राहते. त्या प्रसंगातल्या संवाद नसलेल्या चौकटींवर थांबावे, खाली गेलेली नजर पाहावी आणि मगच पान उलटावे.