पडवीत बसून आमसुले करताना

घरातल्या समाधानासाठी वेगळा वेळ शोधत बसू नये. जे काम करायचेच आहे, त्यात सर्वांना सामील करावे. मे महिन्यात रातांबे (कोकमाची फळे) उतरले की पडवीत आजीपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून फळे फोडावीत, बिया व गर वेगळा करून मिठात रस सुटू द्यावा, त्या आगळात साली बुडवून उन्हात वाळवाव्यात आणि आमसुले काळसर होईपर्यंत हाच क्रम काही दिवस चालू ठेवावा. मुलांचे कपडे डागाळतात (ते डाग सहसा जातही नाहीत), त्यावरून रागावू नये. मोबाइल तेवढा वेळ फडताळात ठेवावा. पुढे रत्नागिरीत आषाढाचा पाऊस कोसळू लागला की कुळथाची पिठी, भात आणि याच आमसुलांची सोलकढी करून सर्वांनी एकाच पंगतीला जेवावे.