कण गोल नसेल तर

प्रकाशानं कण पकडण्याच्या विषयात यायचं असेल, तर लेसरच्या आधी मायक्रोस्कोप शिका. मी हे उशिरा शिकलो.

मी रावेर तालुक्यातला. जळगावहून एमएस्सी करून पीएचडीला गेलो आणि पॉलिस्टायरीनचे मणी, म्हणजे प्लास्टिकचे सूक्ष्म गोल कण, पहिल्याच आठवड्यात पकडले. मणी सोपा. त्यातून जाताना प्रकाश वळतो, त्याचा धक्का मण्याला बसतो आणि मणी फोकसपाशी ओढला जातो. बळ पिकोन्यूटनचं, न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग. मणी कसाही फिरला तरी फरक पडत नाही.

मग सरांनी ई. कोलाय जिवाणू दिले, दोनेक मायक्रॉन लांबीच्या कांड्या. लेसर लावला की कांडी गायब, स्क्रीनवर नुसता ठिपका. दोन दिवस मी सॅम्पल बदलत राहिलो, वाटलं कचरा अडकतोय. तिसऱ्या दिवशी लेसर बंद करून बघत बसलो. ठिपका हळूहळू कलला, लांबला, कांडी झाला. ट्रॅपमध्ये, म्हणजे लेसरच्या फोकसपाशी कण अडकतो त्या जागी, ती किरणाच्या दिशेनं उभी राहत होती आणि मला वरून फक्त टोक दिसत होतं! लांबट कणाला प्रकाश ओढतो आणि वळवतोही. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून मण्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रॅपचं बळ मोजायचं ठरवलेलं माप, कांडीला लावू नका. लांबीच्या दिशेनं सरकताना तिला पाण्याचा विरोध कमी होतो, आडवं सरकताना जास्त.

प्रकाशावर कण हवेत तरंगवायची घाई नको. अ‍ॅश्किन आणि जिएजिक या शास्त्रज्ञांनी १९७१ साली उभ्या किरणावर तरंगवला तोही काचेचा गोल मणीच होता, २० मायक्रॉनचा. हवेत पाण्यासारखा अटकाव नसतो, वेडावाकडा कण गरगरत निसटतो.

घरी करण्यासारखंही आहे. कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप, पोलरॉइडचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्मचे) दोन तुकडे आणि आपलं कच्चं केळं. गर खरवडून पाण्याच्या थेंबात टाका, एक पोलरॉइड थेंबाच्या खाली, दुसरा वर, असे एकमेकांना आडवे धरा. स्टार्चचे लांबट दाणे उजळतात, त्यांच्यावर काळी फुली दिसते. दाण्याच्या आत दिशेनुसार अपवर्तनांक वेगळा असतो, म्हणून. याच गुणाचे छोटे कण वर्तुळाकार ध्रुवित (कंपनाची दिशा गोल फिरत राहते अशा) लेसरमध्ये स्वतःभोवती फिरतात.

आणि गॉगल. ट्रॅपचा लेसर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याचं भिंग तो थेट पडद्यावर एकवटतं. 'एकच मिनिट' म्हणूनही गॉगल काढू नका.