जुनं पाइन पॅनेलिंग उखडू नका, घासा
अमेरिकेत 1950च्या आसपासचं घर घेतलं की बेसमेंटला गाठीगाठींचं पाइन पॅनेलिंग बरेचदा मिळतं, काळपट पिवळं पडलेलं, पण प्लीज उखडू नका, लाकूड आतून मस्त असतं. खिडकी उघडून एका कोपऱ्यात कापसाने स्पिरिट (डिनेचर्ड अल्कोहोल, मिनरल स्पिरिट नव्हे) चोळा, फिनिश चिकट होऊन सुटलं तर ते चपड्याचं (शेलॅकचं), बरंचसं स्पिरिटनेच निघेल. वर जुना रंग असेल आणि घर 1978च्या आधीचं असेल तर घासण्याआधी शिशाची टेस्ट कराच. मग 120 आणि नंतर 220चा पॉलिश पेपर, रेषांच्या दिशेनेच, आडवा अजिबात नको. स्टेन म्हणजे लाकडात मुरणारा रंग देणार असाल तर आधी वूड कंडिशनर लावा, नाहीतर पाइनवर चट्टे उठतात. पांढरा रंग देणार असाल तर गाठींवर आधी चपड्याचा प्रायमर, नाहीतर आतला चीक पिवळा होऊन वर येतोच.