लंडन ते पॅरिस : वेळ मोजताना

लंडन ते पॅरिस सरळ रेषेत साधारण 344 किलोमीटर. युरोस्टार ही वेगवान रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाहून पॅरिसच्या गार दु नॉर स्थानकाला सुमारे सव्वादोन तासांत पोचते, त्यातली वीसेक मिनिटं समुद्राखालच्या बोगद्यात. विमान हवेत तासभरच असतं, पण विमानतळं गावाबाहेर. जाणं-येणं, तपासणी धरली तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. माझं मत रेल्वेला. बस स्वस्त, पण आठ-नऊ तास खाते.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि पॅरिस एक तास पुढे. म्हणून जाताना प्रवास सव्वातीन तासांचा दिसतो, येताना जेमतेम सव्वा तासाचा. पुढची गाडी ठरवताना हे ध्यानात ठेवा.

पासपोर्ट-तपासणी दोन्ही देशांची, गाडीत बसण्याआधीच होते. ऐनवेळी धावत जाऊन गाडी पकडणं इथे जमत नाही. तासभर तरी आधी पोचा.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसा नीट पाहावा. ब्रिटनचा वेगळा, शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एकच) वेगळा. पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा युरोपात परतायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच हवा.